लूना परत आली, मिस्त्रीचं काय?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून दोन मित्र नगरला आले होते. त्यांना हिवरे बाजार पाहायचं होतं. शहरापासून गाव १७ किलोमीटर. डोंगरावरचे समतल चर पाहिले, विहिरींतलं पाणी पाहिलं आणि परतताना फाट्यावर चहाला थांबलो. टपरीमागे बाभळीच्या आडोशाला एक सांगाडा उभा होता. टायर गेलेले, सीट फाटलेलं, टाकीवर गंजाचे पापुद्रे. पायडल मात्र शाबूत होतं.

“अरे, लूना!” म्हणत एक मित्र चहाचा ग्लास तसाच ठेवून उठला. हा मित्र जुन्या गाड्यांचा वेडा. त्याच्याकडे एक येझदी आहे. तिच्यावर त्याने मूळ किमतीच्या कितीतरी पट खर्च केला आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जगभर आपला दिवस साजरा करतात, तेव्हा हा पहाटेच बाहेर पडतो. घरात भिंतीवर चिखल उडवत हवेत झेपावणाऱ्या साठच्या दशकातल्या मोटोक्रॉस गाड्यांची चित्रं लावलेली. त्याने टपरीवाल्या काकांना विचारलं, “ही विकायची का?” काका हसले. “भंगारवाला पाचशे देत होता. तुम्ही काय ते द्या. पण नेऊन करणार काय?”

मी नगरला मामूंना फोन लावला. मामू आमचे मोटारसायकल मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढे. आता दुकान त्यांचा मुलगा चालवतो, पण मामू रोज सकाळी येऊन स्टुलावर बसतात. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. “इंजिन फिरताय क्या? टंकी सडी क्या?” आणि मग जरा थांबून, “और चालू करको चलाएगा कौन?”

काकांचा प्रश्न आणि मामूंचा तिसरा प्रश्न तसे एकच. त्या दिवसापासून ते डोक्यातून जात नाहीत. हा लेख त्यांच्याच नादाने लिहितो आहे.

खडी फोडण्याचं वर्ष

लूना बाजारात आली १९७२ साली. महाराष्ट्रात १९७२ म्हटलं की जुन्या माणसांना दुसरंच काही आठवतं. दुष्काळ. सलग पाऊस हुकलेला, विहिरी आटलेल्या, जनावरं दावणीला मेलेली. नगर जिल्हा तर अवर्षणाचाच. बाया-माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. सुकडी खात होती, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी भाकरीसाठी थापत होती. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनीही ती खाल्ली आहे. मागेल त्याला काम देण्याची रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर राबली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला.

हिवरे बाजार हे तेव्हा पैलवानांचं गाव म्हणून ओळखलं जायचं. दुष्काळाने ते मोडलं. शेती गेली, तालमी ओस पडल्या, दारूच्या भट्ट्या वाढल्या, माणसं कामासाठी शहरांकडे निघाली.

त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात, नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यातून एक छोटीशी गाडी बाहेर पडत होती. एकीकडे रिकामी घमेली, दुसरीकडे पन्नास सीसीचं इंजिन. वरवर पाहता दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण पुढच्या वीस वर्षांत ज्या माणसाने ही गाडी विकत घेतली, तो बहुतेक करून याच दुष्काळातून वर आलेला होता. दुधाचा धंदा सुरू केलेला शेतकरी, झेडपीच्या शाळेतला मास्तर, पोस्टमन, तालुक्याला कोर्टात कारकून लागलेला मुलगा. घोडा त्याला परवडत नव्हता, सायकलने अंतर कापवत नव्हतं. स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. बजाजची ‘चेतक’ही १९७२ चीच, पण परवाना राजच्या त्या काळात स्कूटरचा नंबर लागेपर्यंत घरातलं लग्नाचं पोर बाप होऊन जायचं.

नगरची माणसं, इटलीचा साचा

लूना बनवणाऱ्या कायनेटिक इंजिनीअरिंगचे संस्थापक हस्तीमल फिरोदिया. फिरोदिया घराणं मूळ नगरचं. वडील कुंदनमल फिरोदिया नगरचे नामांकित वकील, स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. थोरले बंधू नवलमल यांचं नाव बजाज टेम्पो आणि भारतातल्या ऑटोरिक्षाशी जोडलेलं आहे. हस्तीमल यांचे चिरंजीव अरुण फिरोदिया यांनी लूनाची धुरा पुढे वाहिली. गाडीचा मूळ साचा इटलीच्या पियाज्जियो कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडचा. तिकडे १९६७ पासून ती पोरासोरांची, कॉलेजच्या मुलामुलींची गाडी होती. आपल्याकडे येऊन ती संसाराची गाडी झाली. इटलीतल्या माणसाने तिच्यावर दोन दुधाचे कॅन, मागे बायको आणि पुढे पायाशी पोरगं बसवलेलं पाहिलं असतं तर तो चक्रावलाच असता.

नगरमध्ये यंत्राची परंपरा जुनी आहे. नगर म्हटलं की बाहेरच्या वाचकाला किल्ला आठवतो, त्या किल्ल्यातल्या कैदेत लिहिलेलं मौलाना आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ आठवतं. पण १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराची आणखी एक ओळख म्हणजे ओतकाम. विजापूरच्या बुरुजावर आज जी ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ आहे, ती १५४९ मध्ये निजामशाहीत, नगरला ओतली गेली. ओतणारा उस्ताद रूमी खान. मराठीत धडाडून बोलणाऱ्या माणसाला आपण ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो, त्या शब्दाचं माहेर असं नगरचं आहे. शहरातल्या एका वस्तीला आजही ‘तोफखाना’ म्हणतात. पुढे इथे लष्कराचं रणगाडा दल आलं, वाहन संशोधनाची संस्था आली, एमआयडीसी आली. धातू तापवणारी, ठोकणारी, घासणारी माणसं या गावाला कधी कमी पडली नाहीत. शहर कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं आहे, पण ही माणसं तीच आहेत.

लूना चालवायला सोपी होती आणि हेच तिचं मोठं बळ. गिअर नाही, क्लच दाबायचा नाही. स्टँडवर उभी करायची, सायकलसारखं पायडल मारायचं, इंजिन सुरू झालं की निघायचं. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी. लांबच्या चढाला इंजिन रडायला लागलं तर पायांनी हात द्यायचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला सोळाव्या वर्षी परवाना दिला. त्यामुळे कॉलेजात जाणारी मुलगी, गावोगाव फिरणारी नर्स, शाळेतल्या बाई यांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचं वाहन आलं ते बऱ्याच घरांत लूनाच्या रूपाने.

माझी खाला उर्दू शाळेत शिक्षिका होती. ऐंशीच्या दशकात ती बुरखा घालून लूनावर शाळेत जायची. मोहल्ल्यात पहिले काही महिने चर्चा झाली, मग लोकांना सवय झाली. बुरखा चाकात अडकू नये म्हणून मामूंनी तिच्या गाडीला मागे पत्र्याची मोठी जाळी बसवून दिली होती. कंपनीचं साडीगार्ड लहान पडत होतं. खालाची जाळी पाहून आणखी दोन बाईंनी तशीच करून घेतली. लूनाच्या इतिहासात असल्या जाळ्यांची नोंद कुठे सापडायची नाही.

टीव्हीवरची ‘चल मेरी लूना’ ही जाहिरात पीयूष पांडे यांची. जाहिरात क्षेत्रात पुढे फार मोठं नाव झालेल्या या माणसाच्या सुरुवातीच्या कामांपैकी ती एक. ते चार शब्दही नसलेलं वाक्य लोकांच्या तोंडी इतकं बसलं की घरातून निघताना, आळशी पोराला हलवताना, बंद पडलेल्या टीव्हीला थापट मारतानाही लोक तेच म्हणू लागले. कंपनी सांगते की भरभराटीच्या दिवसांत रोज दोन हजार लूना विकल्या जात होत्या.

मोहल्ल्यातला दुसरा कारखाना

एका गाडीचा जन्म कारखान्यात एकदाच होतो. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं ती जगते ती गॅरेजमध्ये. आणि गॅरेज म्हणजे बहुतेक ठिकाणी चार पत्र्यांचं छप्पर, पिंपळाची सावली, एक लाकडी पेटी आणि ऑइलने काळी झालेली जमीन.

मामूंनी १९७० च्या दशकात, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी उस्तादकडे कामाला सुरुवात केली. पगार नव्हता. पहिलं वर्षभर रॉकेलमध्ये सुटे भाग धुणं आणि चहा आणणं. दुसऱ्या वर्षी पंक्चर आणि ब्रेक. इंजिनला हात लावायला तिसरं साल उजाडलं. पुस्तक नव्हतं, वर्ग नव्हता. उस्ताद गाडीचा आवाज ऐकून सांगायचे की पॉइंट जवळ आलेत, की रिंग गेली, की सायलेन्सर कार्बनने भरला. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, त्याचा कार्बन प्लगवर, हेडवर, सायलेन्सरच्या नळीत साचतो. गाडी चढ घेईना की प्लग काढायचा, काचपेपरने घासायचा, फट मोजायची. सायलेन्सर काढून विस्तवावर लाल करायचा आणि ठोकून कार्बन झाडायचा. कार्बोरेटरचा जेट चोंदला तर स्टोव्हच्या पिनेने नव्हे, फुंकर मारून साफ करायचा, कारण पिनेने भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते. मामू आजही कुणी पोरगं पिन हातात घेताना दिसलं की ओरडतात.

गुरुवारी-शनिवारी खेड्यातले गिऱ्हाईक यायचे. “मिस्त्री, बघा की जरा, वढतच न्हाई,” म्हणत दूधवाले गाडी लावून बाजारात जायचे. पावती नसायची. किल्लीसुद्धा गाडीलाच. परत येईपर्यंत गाडी तयार, पैसे सुगीला. मामूंच्या पेटीत एक वही होती. तिच्यात गिऱ्हाइकाचं नाव नसायचं, गावाचं नाव आणि खूण असायची. ‘हिवरे, लाल, दूध’. ‘टाकळी, निळी, मास्तर’. जातीधर्माच्या गोष्टी कुणी काढल्या तरी कामाच्या पुढे त्या टिकत नसत, कारण पहाटे पाचला डेअरीवर दूध पोचलं पाहिजे आणि त्यासाठी लूना चालू झाली पाहिजे, एवढं दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत दुचाकीचे मिस्त्री, वेल्डर, रंगारी, सीट शिवणारे, पंक्चरवाले यांत मुसलमानांची संख्या नजरेत भरते. यामागे काही वंशपरंपरागत हुन्नर वगैरे नाही. कारण साधं आहे. शाळा लवकर सुटली, नोकरी मिळेना, भांडवल नाही, तेव्हा ज्या धंद्यात पान्हे आणि दोन हात एवढ्यावर सुरुवात करता येते तिथे माणसं गेली. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात याचे आकडे आहेत. काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात होते, हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के. ‘स्वयंरोजगार’ हा शब्द कागदावर ऐटदार दिसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ आजारी पडलो तर त्या दिवसाचं दुकान बंद, म्हातारपणी पेन्शन नाही, आणि तंत्र बदललं तर नवं शिकवायला कुणी येणार नाही, असा होतो.

तंत्र बदललंच. १९८० मध्ये दोघांना बसता येईल अशी टीव्हीएस ५० आली. १९८४ मध्ये खुद्द कायनेटिकने होंडाबरोबर बटनावर सुरू होणारी स्कूटर काढली. १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली आणि मायलेजचं गणितच पालटलं. पुढे धुराचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक गाड्या मागे पडल्या. दोन हजारनंतरच्या दशकात लूना बंद झाली. आमच्या मामूंनी चाळिशीत फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व आणि टायमिंग चेन शिकून घेतली. त्यांच्याबरोबरच्या तिघांनी नाही घेतली. एक जण भाजीच्या गाडीवर गेला, एक सौदीला, एक घरी बसला.

नावांचं पुनरुज्जीवन

गेल्या काही वर्षांत जुनी नावं परत येत आहेत. माझ्या मित्राच्या येझदीचंच पाहा. जावा ही मूळ चेकोस्लोव्हाकियाची कंपनी, १९२९ ची. मुंबईच्या रुस्तम इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’चा कारखाना काढला, १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. करार संपल्यावर १९७३ पासून त्याच गाड्यांना ‘येझदी’ हे नाव मिळालं. इराणातलं यझ्द शहर हे इराणी-पारशी कुटुंबांचं जुनं वतन, त्याची ती आठवण. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ च्या नोव्हेंबरात महिंद्र समूहाचं पाठबळ असलेल्या क्लासिक लेजंड्सने जावा पुन्हा आणली, जानेवारी २०२२ मध्ये येझदी. येझदीच्या तीन नव्या गाड्यांपैकी एकीचं नाव ‘स्क्रॅम्बलर’, म्हणजे मातीच्या रस्त्यावर धावणारी.

मोटोक्रॉसच्या जुन्या चित्रांचा मोह इथूनच येतो. मोटोक्रॉस म्हणजे उंचसखल, चिखलाच्या बंद ट्रॅकवरची शर्यत. साठच्या दशकात जावाच्या बहीण कंपनीने, सीझेडने, या खेळात युरोपभर दबदबा निर्माण केला होता. १९६४ मध्ये बेल्जियमचा जोएल रोबेर सीझेडवर २५० सीसीचा जगज्जेता झाला. पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीडरिख्स १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षं ५०० सीसीचा. कम्युनिस्ट देशातल्या कारखान्याची टू-स्ट्रोक गाडी पश्चिमेच्या मोठमोठ्या कंपन्यांना मागे टाकत होती. या गोष्टीत रोमांच आहे यात शंका नाही. मित्र ती सांगतो तेव्हा मलाही ऐकत राहावंसं वाटतं.

पण एक गोष्ट मी त्याला त्या दिवशी बोलून दाखवली. तुमच्या भिंतीवरचा माणूस खाचखळग्यांतून गाडी उडवतो, कारण त्याला तो खेळ आहे. खेळ संपला की तो डांबरी रस्त्याने घरी जातो. हिवऱ्याहून, टाकळीहून पहाटेच्या अंधारात चाळीस लिटर दूध लादून खडीच्या रस्त्याने जो माणूस नगरला यायचा, त्याच्यासाठी तोच घरी जायचा रस्ता होता. तोल तोही सांभाळायचा, उडी त्याचीही गाडी घ्यायची. त्याचा फोटो कुणी काढला नाही, एवढाच फरक. मित्र म्हणाला, “म्हणूनच तर ही लूना न्यायची म्हणतोय.” त्याच्या या उत्तराला माझ्याकडे तोड नव्हती.

लूनाचं नावही परत आलं आहे. अरुण फिरोदियांच्या कन्या सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीनने ७ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘ई-लूना’ बाजारात आणली. अनावरण नितीन गडकरींच्या हस्ते झालं. सुरुवातीची किंमत ६९,९९० रुपये, एका चार्जिंगमध्ये ११० किलोमीटर जाते आणि १५० किलो वजन वाहते, असं कंपनी सांगते. सांगाडा आणि काही भाग नगरच्या जुन्या कायनेटिक कारखान्यातच बनतात. हे ऐकून नगरकराची छाती फुगली तर त्यात वावगं काही नाही. शिवाय वजन वाहण्याची ताकद कंपनीने पुढे केली, याचा अर्थ तिला आपला जुना गिऱ्हाईक आठवतो. दूधवाला, भाजीवाला, गॅसच्या टाक्या पोचवणारा. बजाजनेही २०२० मध्ये चेतक परत आणली, तीही विजेवरची, पण तिचा रोख शहरातल्या सुखवस्तू घरावर होता. त्या मानाने ई-लूना आपल्या कुळाशी प्रामाणिक आहे.

यात एक गंमतही आहे. कायनेटिकचा स्कूटरचा धंदा २००८ मध्ये महिंद्रकडे गेला, त्यात मध्य प्रदेशातल्या पीथमपूरचा कारखाना होता. दहा वर्षांनी नवी जावा तयार होऊ लागली ती याच पीथमपूरला. म्हणजे माझ्या मित्राच्या लाडक्या नावाचा पुनर्जन्म झाला तो नगरच्या लूनावाल्यांनी एके काळी उभ्या केलेल्या जागेत. नावं अशी घरं बदलत फिरतात. विकत घेता येतात, गहाण पडतात, पुन्हा सोडवून आणता येतात. आणि जी गाडी कधी मेलीच नाही तिच्या पुनरुज्जीवनाचा सोहळा कुणी करत नाही. टीव्हीएसची एक्सएल आजही खेड्यात रोज विकली जाते, तिच्यासाठी कुणी गहिवरत नाही. आठवणीने डोळे ओले व्हायला आधी ती वस्तू आयुष्यातून जावी लागते.

हिवऱ्याने काय परत आणलं

त्या दिवशी सकाळी आम्ही जे गाव पाहिलं, तेही एक पुनरुज्जीवनच. १९८९ मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. नंतर आदर्श गाव योजना आली. रोजगार हमीच्या आणि श्रमदानाच्या कामातून डोंगरउतारावर चर खोदले गेले, नालाबांध झाले, झाडं लागली. १९७२ ने या जिल्ह्याला खडी फोडायला लावली होती, त्या दुष्काळातून निघालेल्या योजनेनेच पुढे या गावात पाणी मुरवलं. पण चर खोदून काम भागलं नाही. गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी पाळली. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही. दर वर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि कमी असेल तर पीक बदलायचं. शहरात गेलेली कुटुंबं परत आली. दुधाचा धंदा वाढला. गावात मुस्लिम वस्ती नावापुरती, तरी गावाने मशीद बांधली. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कंपनी आणि ग्रामपंचायत यांची तुलना करणं बरोबर नाही, हे मला कळतं. कंपनीला नफा लागतो, तो तिचा धर्म आहे. तरीही दोन्हींकडे पाहताना एक प्रश्न पडतो. हिवऱ्याने फक्त पैलवानांच्या गावाचं जुनं नाव परत आणलं असतं, वेशीवर कमान उभारली असती, तालमीचं संग्रहालय केलं असतं, तर पुण्यातली कुटुंबं परतली असती का? ती परतली ती गावात करायला काम आणि विहिरीत पाणी होतं म्हणून. कुणाचं जगणं परत उभं राहिलं, यावर पुनरुज्जीवन मोजायचं असतं.

या मापाने दुचाकीकडे पाहिलं की मामूंचं दुकान समोर येतं. मामूंचा मुलगा, माझा मामेभाऊ, हुशार आहे. २०२० मध्ये बीएस-सहा आल्यावर फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी त्याने कर्ज काढून स्कॅनर घेतला. पण मागच्या वर्षी एक इलेक्ट्रिक स्कूटर दुकानात आली, कुठल्या कंपनीची ते सांगण्यात अर्थ नाही. चाकं, ब्रेक, शॉकअप त्याने तासाभरात केले. बिघाड कंट्रोलरमध्ये होता. तो डबा सीलबंद, आकृती कुठे मिळत नाही, सुटा भाग बाहेर विकत नाहीत. गिऱ्हाईक गाडी टेम्पोत टाकून शहराबाहेरच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला. मामू स्टुलावरून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, “पहले गाडी की बीमारी सुनाई देती थी. अब गाडी चुप रहती.”

विजेच्या गाडीला विरोध करण्याचा हा मुद्दा नाही. टू-स्ट्रोकचा निळा धूर ज्यांनी पन्नास वर्षं छातीत घेतला त्यात सगळ्यात पुढे मिस्त्रीच होते. मामूंचा खोकला त्याचाच. धूर गेला तर बरंच आहे. प्रश्न एवढाच आहे की दुरुस्तीचं ज्ञान कुलपात राहणार की गल्लीपर्यंत पोचणार. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. कंपन्यांनी माहितीपुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती खुली करावी, तिसऱ्या माणसालाही दुरुस्ती करता यावी, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. तो मुकुंदनगरच्या, झेंडीगेटच्या पत्र्याच्या छपराखाली उतरायचा तर पोर्टलच्या पुढे जावं लागेल. आयटीआयमध्ये संध्याकाळचे वर्ग, मराठी-उर्दूतली पुस्तिका, शाळा सुटलेल्या पण वीस वर्षं हात काळे केलेल्या मिस्त्रीला परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र. यातलं काही अशक्य नाही. समाजाच्या ज्या संस्था दर वर्षी गुणवंतांचे सत्कार करतात, शाल-श्रीफळावर खर्च करतात, त्यांनीही एखादं वर्ष बॅटरी आणि कंट्रोलरच्या प्रशिक्षणावर घालवायला हरकत नाही. आपण सरकारकडे बोट दाखवतो ते योग्यच आहे, पण आपल्या गल्लीतल्या पोराला पान्ह्याबरोबर मल्टिमीटर देणं आपल्याही हातात आहे.

तर ती लूना. मित्राने काकांना दोन हजार दिले आणि ती छोट्या टेम्पोतून मामूंच्या दुकानात आली. इंजिन जाम होतं. मामूंनी प्लगच्या भोकातून डिझेल सोडलं आणि दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी पायडल हललं. रिंग कुठे मिळेना, शेवटी पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सापडली. पॉइंट घासले, कॉइल बदलली, टाकी आतून धुतली. सहाव्या दिवशी दुपारी मामूंनी स्वतः स्टँडवर चढून पायडल मारलं. दोनदा खोकली आणि चालू झाली. गल्लीत धूर पसरला. मित्र व्हिडिओ काढत होता, पोरं गोळा झाली होती, शेजारच्या खाला दारात येऊन उभ्या राहिल्या.

मामूंनी दोन मिनिटांत गाडी बंद केली. मग मुलाला हाक मारून जवळ बसवलं, प्लग पुन्हा काढून त्याच्या हातात दिला आणि कार्बनचा रंग कसा वाचायचा ते सांगू लागले. त्याला ते आता कधी लागणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तो ऐकत होता. त्याच्या मागे भिंतीला टेकून आणखी एक इलेक्ट्रिक स्कूटर उभी होती. आदल्या दिवशी आलेली, अजून न उघडलेली.